अन्नपूर्णेवरील दोन साक्षी : ‘आम्ही’ आणि ‘आपण’

मरणाच्या दारातून परतलेल्या मनुष्याचे निवेदन ही साक्ष असते, तशीच ती रचनाही असते. तिच्यातील रचनेचा शोध घेणे म्हणजे साक्षीदारावर अविश्वास दाखविणे नव्हे. मोरिस एर्झोग यांच्या ‘अन्नपूर्णा’ (१९५१) या फ्रेंच ग्रंथाविषयी हे आरंभीच सांगितलेले बरे. कारण पर्वतारोहणाच्या वाङ्मयात या ग्रंथाला जवळजवळ पोथीची प्रतिष्ठा लाभलेली आहे.

३ जून १९५० रोजी एर्झोग व लुई लाशनाल ८,०९१ मीटर उंचीच्या अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोहोचले. ८,००० मीटरांवरील शिखर सर झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. उतरताना एर्झोग यांचे हातमोजे घरंगळत गेले. पिशवीतील जादा पायमोजे हातांत चढवावेत, हे त्यांना सुचले नाही. दुसऱ्या दिवशी वादळात वाट चुकल्यावर तेरे व रेब्युफा यांच्यासह त्यांनी हिमविवरात रात्र काढली, आणि सकाळी आत कोसळलेल्या बर्फाखाली बूटही गाडले गेले. एर्झोग यांनी हातापायांची बोटे गमावली, लाशनाल यांनी पायांची.

लेखणी धरणे अशक्य झाल्यामुळे ग्रंथ रुग्णालयात तोंडी सांगून लिहविला गेला. अवरोहण आणि त्यानंतरच्या शस्त्रक्रिया यांचे वर्णन हा त्यातील सर्वांत बलवान भाग होय. येथे निवेदक देहापासून दूर जाऊच शकत नाही. शिखरावरील उन्मनी अवस्थेचे वर्णन त्यामानाने सैल वाटते. तेथे सोबती केवळ खाली उतरण्याची घाई करणारा म्हणून उरतो.

खरा पेच शिखराच्या अलीकडचा आहे. आपण परत फिरलो तर तू काय करशील, असे लाशनाल विचारतात. एकटा पुढे जाईन, असे उत्तर येते. आणि लाशनाल सोबत निघतात. एर्झोग यांना त्यात दोन मनांचे ऐक्य दिसते. लाशनाल १९५५ मध्ये निवर्तले. त्यांची टिपणे १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही एर्झोग यांच्या बंधूंच्या संपादनाखाली, काटछाट होऊन. १९९६ च्या समग्र आवृत्तीत निराळाच अर्थ समोर आला : पाय गोठत आहेत हे लाशनाल जाणून होते, पण एकटा गेलेला सोबती परतणार नाही, म्हणून केवळ त्याच्यासाठी ते पुढे गेले.

प्रश्नोत्तराविषयी दोघांत वाद नाही, हे लक्षात घ्यावयास हवे. वाद आहे तो सर्वनामाचा. फ्रेंच भाषेत ‘नू’ हे एकच रूप दोन्ही अर्थांना पुरते. मराठीला मात्र ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतून निवड करावी लागते. वाचकाला उद्देशून केलेल्या निवेदनात ‘आम्ही’ येणार हे उघड आहे. (या ‘आम्ही’ला मराठीत राजेपणाची छटाही आहे, आणि ती येथे अगदीच अप्रस्तुत नाही.) परंतु दोरीने बांधलेल्या दोघांमधले सर्वनाम ‘आपण’ हेच असते. एर्झोग यांच्या निवेदनातून नेमके तेच निसटते. लाशनाल यांचे टिपण त्यावरच उभे आहे.

अर्थात, लाशनाल यांचे टिपणही बोटे गेल्यानंतरचे आहे. त्याला निखळ सत्य मानणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि मराठी अनुवादकाला शिखराखालच्या त्या संवादापाशी दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवूनच सर्वनाम निवडावे लागेल.