दिसतं छान, सरकेना पान

नाटकाचं परीक्षण करणाऱ्याला नाटक पाहावं लागतं. पुस्तकाचं परीक्षण करणाऱ्याला निदान मलपृष्ठ तरी वाचावं लागतं. लॅपटॉपची पारख करणाऱ्याला मात्र यांतलं काहीच करावं लागत नाही. त्याला खोक्यावरचे आकडे वाचता आले की झालं. आंबा घेताना देठाशी नाक नेणारा, भेंडीचं शेपूट मोडून बघणारा, साडीचा पदर उजेडात धरून सूत पारखणारा आपला मराठी माणूस लाखभर रुपयांचा लॅपटॉप घेताना दुकानदाराने वाचून दाखवलेले आकडे ऐकतो आणि कीर्तनाला बसल्यासारखी मान डोलावतो. पाव किलो भेंडीला जो न्याय, तो लॅपटॉपला नाही! म्हणून हे परीक्षण. विषय एकच : बारीक ठिपक्यांच्या झकास पडद्यावर पान सरकवायला गेलं की ते अडखळतं कशाला, आणि असला लॅपटॉप घ्यायचा तर केव्हा?

या नाटकाचा गाजलेला पहिला प्रयोग जून २०१२ मध्ये झाला. ॲपल कंपनीने 'रेटिना' पडद्याचा १५ इंची मॅकबुक प्रो बाजारात आणला. अमेरिकेत किंमत २१९९ डॉलरपासून पुढे. त्या आकाराच्या आधीच्या साध्या पडद्यावर आडवे १४४० आणि उभे ९०० ठिपके असत. नव्यावर आडवे २८८० आणि उभे १८००. ऐकणाऱ्याला वाटतं, ठिपके दुप्पट झाले. छे! आडवे दुप्पट आणि उभेही दुप्पट म्हणजे एकूण चौपट. १२ लाख ९६ हजारांचे एकदम ५१ लाख ८४ हजार. शाळेत क्षेत्रफळाच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसणाऱ्यांना पुढच्या आयुष्यात असे धक्के बसतात.

पडदा मात्र बघत राहावा असा होता, यात वाद नाही. इंचाला २२० ठिपके! आणि मी तर म्हणेन की असल्या पडद्याचे उपकार इंग्रजीपेक्षा आपल्या देवनागरीवर जास्त आहेत. इंग्रजी अक्षरं म्हणजे एकेकटी राहणारी मंडळी. आपली अक्षरं एकत्र कुटुंबातली. एकाच्या डोक्यावर दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं, वर रफार, खाली उकार. जुन्या पडद्यावर 'राष्ट्र' वाचायचं म्हणजे गर्दीच्या लोकलमध्ये आपला माणूस शोधण्यापैकी होतं. 'घ' आहे की 'ध', हे वाक्याचा अर्थ लावून ठरवावं लागे. अनुस्वार आहे की पडद्यावर माशी बसली आहे, याचा निर्णय फुंकर मारून घ्यावा लागे. बारीक ठिपक्यांच्या पडद्यावर 'द्ध'च्या पोटातली पोकळीसुद्धा स्वच्छ दिसते. पन्नाशी उलटलेल्या डोळ्यांना ही चैन नव्हे, ही गरज आहे.

पण हे सगळं पान जागच्या जागी उभं असेपर्यंत. दोन बोटांनी ते वर ढकललं, की मघाचं ते देखणं पान उतारवयातल्या माणसाने जिना चढावा तसं थांबत, दम घेत, पायरी पायरीने वर जाई. सगळीच पानं नव्हेत. पण चित्रांनी आणि जाहिरातींनी गच्च भरलेलं पान असलं की हमखास. त्या वेळच्या जाणत्या परीक्षकांनीही ही गोष्ट लिहून ठेवली होती.

असं का होतं, ते सांगतो. अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढली आहे असं समजा. पान सरकवायचं म्हणजे ती अख्खी रांगोळी पुसून एक ओळ वर पुन्हा काढायची. किती वेळा? तर सेकंदाला ६० वेळा. पडदा तेवढ्या वेळा चित्र बदलतो. म्हणजे एका रांगोळीला वेळ मिळतो एका सेकंदाचा साठावा भाग. हजाराव्या भागांत मोजायचं तर साधारण १६.७. पूर्वी या वेळात तेरा लाख ठिपके काढायचे होते, आता बावन्न लाख. काढणारी बाई तीच! तिला मदतीला कोणी दिलं का? थोडंफार दिलं, चौपट मात्र दिलं नाही.

आता यातली खरी मेख पुढेच आहे. रांगोळीला १६.७ ऐवजी १७ भाग वेळ लागला तर तुम्ही म्हणाल, ०.३ने काय बिघडतं? बिघडतं. कारण पडदा म्हणजे एस.टी. आहे. ठरल्या वेळेला ती सुटते, आणि तुम्ही धावत फाटकातून आत येताय हे कंडक्टरने पाहिलं तरी सुटते. ही गाडी चुकली की पुढची. म्हणजे १७ भागांत तयार झालेलं चित्र ३३व्या भागाला जाणार आणि सेकंदाला ६० चित्रांच्या जागी ३० दिसणार. डोळ्याला जो हिसका बसतो तो या चुकलेल्या गाडीचा. म्हणूनच 'थोडंसंच हळू आहे हो' या वाक्याला इथे अर्थ नाही. एस.टी. थोडीशी चुकत नाही.

त्यात त्या लॅपटॉपवर आणखी एक सोय होती. पडद्यावर जास्त मजकूर मावावा म्हणून १९२० बाय १२००चा देखावा निवडता येई. ही सोय निवडली की यंत्र आधी ३८४० बाय २४००चं, म्हणजे ९२ लाख ठिपक्यांचं चित्र काढी आणि मग ते आवळून ५२ लाखांत बसवी. ९२ पानांचा स्वयंपाक करायचा आणि पंगत ५२ पानांची! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १३ इंची धाकटं भावंड आलं. त्याचे ठिपके जवळजवळ ४१ लाख. पण थोरल्याला दिलेली वेगळी ग्राफिक्सची चिप त्याच्या वाट्याला आली नाही. प्रोसेसरमध्येच असलेल्या चिपवर त्याने संसार करायचा. धाकट्यांच्या नशिबी हे असंच असतं.

मात्र परीक्षकाने न्यायाने बोलावं. सगळा दोष यंत्राचा नव्हता. पानातली अक्षरं-चित्रं रंगवण्याचं बरंचसं काम त्या काळचा ब्राउझर मुख्य प्रोसेसरच्या एकाच हाताने उरकत असे; बाकीचे हात कमरेवर. जुलै २०१२ मध्ये 'माउंटन लायन' ही नवी प्रणाली आली आणि सुधारणा दिसली. युक्ती साधी : प्रत्येक वेळी नवी रांगोळी घालण्यापेक्षा, घातलेली रांगोळी पाटासकट सरकवायची आणि नव्या ओळीपुरतेच ठिपके काढायचे. हे काम ग्राफिक्सची चिप आनंदाने करते. २०१३च्या अखेरीला नव्या चिपा आल्या आणि घोडं आणखी पुढे गेलं. सारांश, पडदा २०१२ साली आला आणि तो पेलणारे खांदे मागाहून आले. लग्न आधी आणि नोकरी नंतर, असला प्रकार आपल्याला काही अगदीच नवा नाही.

आता दुकानाकडे वळू. दुकानात मांडलेल्या लॅपटॉपवर काय असतं? फूल, वाघाचा डोळा किंवा बर्फाचा डोंगर. तिन्ही स्थिर. वाघ पापणी लववत नाही आणि डोंगर तर हलण्याचा प्रश्नच नाही. मी एकदा अशाच एका मोठ्या दुकानात जाऊन वाघ बाजूला सारला आणि एक लांबलचक पान वर-खाली करू लागलो. विक्रेता अस्वस्थ झाला. "काका, रिझोल्यूशन बघा ना!" म्हणाला. मी म्हटलं, "बघितलं. आता चालवून बघतोय." आपल्याकडे पूर्वी मुलगी बघायला गेले की तिला चालवून बघत. ती वाईट चाल बंद पडली हे फार बरं झालं. पण लॅपटॉपच्या बाबतीत ती पुन्हा सुरू करायला काहीच हरकत नाही.

मग घ्यायचा केव्हा? साडेतीन मुहूर्तांत याचं उत्तर नाही. माझा पुण्यातला भाचा या विषयातला दशग्रंथी. त्याला कधीही विचारा, उत्तर एकच : "मामा, आता नका घेऊ. पुढचं मॉडेल येतंय." हे शास्त्र असं आहे की ते नेहमी खरं असतं. पुढचं मॉडेल नेहमीच येत असतं.

या शास्त्राचे निष्ठावंत अनुयायी म्हणजे आमचे एक स्नेही. त्यांना २०१२ सालीच रेटिना पडद्याचा लॅपटॉप घ्यायचा होता. पान अडखळतं असं वाचलं, म्हणून थांबले. बरोबर होतं. २०१३ला पान सुधारलं, तेव्हा म्हणाले, पुढच्या चिपा आणखी चांगल्या येणार. त्याही आल्या. २०१६ला नवं मॉडेल आलं, त्याच्या कळफलकाबद्दल तक्रारी सुरू झाल्या, म्हणून थांबले. तेही बरोबर ठरलं, कारण २०१८ मध्ये कंपनीनेच त्या कळफलकांची दुरुस्ती फुकट करून देण्याची योजना जाहीर केली. २०१९च्या अखेरीला कळफलक सुधारला, तोवर कंपनी स्वतःची चिप काढणार अशी कुणकुण लागली. २०२०च्या नोव्हेंबरात ती चिप आली. तेव्हा म्हणाले, पहिल्या पिढीचं घेऊ नये. गंमत बघा, प्रत्येक वेळी त्यांचं म्हणणं बरोबर होतं. नऊ वर्षं ते बरोबर होते आणि नऊ वर्षं त्यांच्याकडे लॅपटॉप नव्हता.

त्यांना तो हवा होता कशाला? त्यांच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. किती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. "बसलं की येतात रे," एवढंच म्हणायच्या. त्या सगळ्या नीट टाइप करून घ्यायच्या, जोडाक्षरं स्वच्छ दिसतील अशा पडद्यावर तपासायच्या, असा बेत होता. "अक्का, जरा दम धर, चांगलं मशीन येऊ दे," असं ते म्हणत आणि अक्का दम धरत. २०१८च्या सुमाराला पहिली ओळ आठवली की दुसरी हरवू लागली. मधल्या काळात सूनबाईंनी कोणालाही न विचारता वाण्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानापासून ४३ ओव्या उतरून घेतल्या होत्या, डाळ-तांदळाच्या उलट दिशेने. त्या वहीला ठिपके नव्हते, रेघा होत्या. पान सरकवायला ओलं बोट पुरत होतं आणि एकदाही ते अडखळलं नाही.

२०२१च्या अखेरीला स्नेह्यांनी लॅपटॉप घेतला. सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा. काय सरकतं त्याचं पान! लोण्यावरून सुरी. त्यांनी मला ओव्यांची फाइल उघडून दाखवली. एकदा बोट फिरवलं आणि ती संपली. ४३च ओव्या. आम्ही दोघांनीही मग चहाचा विषय काढला.

तेव्हा या परीक्षणाचा निकाल असा. अडून राहिलेलं काम असेल तर आजच घ्या. नसेल तर पुढचं मॉडेलही घेऊ नका. अगदी नवीन प्रकारचा पडदा पहिल्यांदाच आला असेल तर एक पिढी थांबा. एकच, नऊ वर्षं नव्हे. वाचन-लेखनासाठी १४ इंची पडद्यावर २८८० बाय १८०० ठिपके भरपूर झाले. त्यावर आणखी ठिपके विकत घेणं म्हणजे बॅटरी विकून नजर घेणं, आणि ती नजर तेवढं बघू शकेलच असं नाही. १९२० बाय १०८० घेतलात तरी जग बुडत नाही. अक्षर थोडं मोठं करा आणि चष्मा पुसा.

घरी मोठा पडदा जोडणार असाल तर जुनी कथा पुन्हा सुरू होते, हे लक्षात असू द्या. मॅकला ३८४० बाय २१६०चा पडदा जोडून २५६० बाय १४४०चा देखावा निवडला, की ते यंत्र आधी ५१२० बाय २८८०चं चित्र काढतं. म्हणजे जवळजवळ दीड कोटी ठिपके. आजच्या चांगल्या चिपा ते हसत पेलतात, जुन्या कण्हतात.

आणि दुकानात गेलात की चार्जर काढायला लावा. कारण पुष्कळ यंत्रं चार्जर असेपर्यंत पाहुण्यांसमोरच्या मुलांसारखी वागतात. मग चित्रांनी भरलेलं एक लांब पान उघडा, शक्यतो मराठी वर्तमानपत्राचं. त्यात जोडाक्षरंही असतात आणि जाहिराती तर विचारूच नका. दोन बोटांनी वर-खाली करा, पाच मिनिटं. विक्रेता म्हणेल, "काका, किती वेळ तेच करताय?" त्याला सांगा, भेंडी मोडून बघतोय.