डीएनएचे कुलूप आणि औषधाची किल्ली

औषध म्हणजे कुलपात नेमकी बसणारी किल्ली, हा दृष्टांत आम्हीही व्याख्यानांतून दिला आहे. डीएनएबाबत मात्र तो फसवा ठरतो. ग्वानीनचे चार-चार घटक चौकोनात बसतात, चौकोनांची चवड रचली जाते, मधे पोटॅशियमचे आयन असतात. या चवडीवर चपटा रेणू टेकवून कर्कपेशीला रोखायचे, ही कल्पना सुंदरच. पण अशा चवडी निरोगी पेशींतही असतात! शिवाय पेशी मेली, म्हणजे रेणू योजल्या जागीच बसला, असे आपण धरून चालतो. सीएक्स-५४६१ हा रेणू मुळात आरएनए पॉलिमरेज-१ रोखण्यासाठी घडवलेला. २०१७ मध्ये तो चवड स्थिर करतो असे दाखवले गेले. २०२० मध्ये इतर संशोधकांना आढळले, की पेशी मरतात त्या मुख्यतः टोपोआयसोमरेज-२ हे विकर डीएनएवर अडकून पडल्याने.