मीटरचा आकडा नेमका कोणाचा?

आज एका गाजलेल्या शोधनिबंधाची झाडाझडती घेऊ. जॉर्ज अकरलॉफ यांचा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा निबंध १९७० साली छापून आला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. पुढे २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुद्दा सोपा आहे: गाडीतली खोट विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी भाव देतो, चांगली गाडीवाला तेवढ्यात विकत नाही, आणि बाजारात खराब गाड्याच उरतात.

हे कुरकुंभला लावून बघू. एमआयडीसीत पाळीला येणाऱ्याला मोटारसायकल लागते. नवी परवडली नाही तर जुनी. घेताना पहिली नजर मीटरवर: किती किलोमीटर पळाली?

पण मीटर हा सुटा भाग आहे. काच फुटली, पाणी शिरलं की भंगारातल्या गाडीचा स्वस्तातला मीटर बसवतात. त्यात गैर काही नाही. मात्र केबलवाल्या मीटरच्या एकाच डब्यात दोन यंत्रं असतात. केबल चुंबक फिरवते, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या वाटीत एडी करंट तयार होतात, वाटी स्प्रिंगविरुद्ध ओढली जाते आणि काटा हलतो. गाडी थांबली की काटा शून्यावर. त्याला आठवण नसते. किलोमीटर मात्र दातेरी चाकांवर साठतात आणि डब्यासोबत दुसऱ्या गाडीवर जातात.

इथे अकरलॉफ अपुरे पडतात. मीटर पहिल्या मालकाने बदलला असेल, तर तिसऱ्या मालकालाही ते ठाऊक नसतं. तो प्रामाणिकपणे चुकीचा आकडा सांगतो. म्हणजे खोटं आहे, पण खोटारडा कुणी नाही. हमी, ब्रँड, परवाने हे निबंधातले उपाय विकणाऱ्याकडे बघतात. इथे माहिती त्याच्याकडेही नाही.

काट्याचंही तसंच. समजा, बसवलेला मीटर किलोमीटरला केबलचे १,४०० फेरे धरतो आणि गाडी १,००० च देते. मग खऱ्या ६० च्या वेगाला काटा ४३ च्या आसपास दाखवेल. पुणे-सोलापूर महामार्गावर हा फरक जिवावर बेतू शकतो.

दोन्ही आकडे एकत्र दिसतात ते फक्त मेकॅनिकला, मीटर बदलताना. जुना आकडा, नवा आकडा, तारीख एवढं त्याने बिलावर लिहिलं तरी पुरे. तुम्ही गाडी घेताना सर्व्हिसची जुनी बिलं मागा. नसतील तर आकड्याचे पैसे देऊ नका, इंजिन तपासून त्याचे द्या.