विलीचें अरण्य

आर्थर मिलर यांच्या ‘डेथ ऑफ ए सेल्समन’ (१९४९) या शोकान्तिकेंतील दूरचें अरण्य म्हणजे स्वातंत्र्य, असा अर्थ करणारांशीं आम्ही सहमत नाहीं. फिरत्या विक्रेत्या विलीचा थोरला भाऊ बेन निघाला अलास्कास आणि, भूगोल कच्चा असल्यामुळें, पोंचला आफ्रिकेंत! या योगायोगासच विली कर्तृत्व समजतो. परंतु पोरसवदा बिफला पाडून त्याच्या डोळ्यावर छत्रीचें टोक रोखणारा बेन अरण्याचा जो कायदा शिकवितो, तो बाजाराच्या कायद्याहून निराळा कोठें आहे? अखेरीस इमारतींनीं ऊन अडविलेल्या ब्रुकलिनच्या परसांत विली रात्रीं विजेरीच्या उजेडांत बीं पेरतो, आणि वीस हजार डॉलरांच्या विम्याचा हिशेब बेनपुढें मांडतो. थोड्याच वेळानें बेन त्या मरणाकडे रानांतल्या हिऱ्यासारखें बोट दाखवितो.