शिलालेख आणि खरेदीखत

वकिलीच्या धंद्यात जुन्या कागदांशी रोजचा संबंध येतो. पक्षकार रुमालात बांधून आणलेला दस्त पुढे ठेवतो आणि विचारतो, "वकीलसाहेब, जमीन आमचीच ना?" दस्तात चतुःसीमा असतात, साक्षीदार असतात, देणाराघेणारांची नावे असतात, फक्त पक्षकाराला जे हवे तेवढेच पुष्कळदा नसते. बेळगाव-निपाणी भागाच्या मध्ययुगीन इतिहासावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे संशोधन झाले, त्याची आम्हा वाचकांच्या हाती नेमकी हीच गत झाली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि तेव्हापासून या भागातील प्रत्येक कोरीव दगडाकडे आपण खरेदीखत म्हणून पाहू लागलो. दगड कानडीत असला की एक पक्ष हर्षभरित होतो. नागरीत असला की दुसरा.

या संशोधनाचा पाया घातला तो जे. एफ. फ्लीट या मुलकी अधिकाऱ्याने. मुंबई इलाख्यातील कानडी जिल्ह्यांच्या राजवंशांवरील त्यांचा ग्रंथ १८८२ साली निघाला आणि १८९६ साली तो सुधारून मुंबई गॅझेटियरमध्ये समाविष्ट झाला. फ्लीट यांची दृष्टी काटेकोर जमाखर्च ठेवणाऱ्या कारकुनाची आहे. राजाचा पिता कोण, शकाचा तिथिवाराशी मेळ बसतो की नाही, ताम्रपट अस्सल की बनावट, या प्रश्नांत त्यांचा हात धरणारा विरळा. तथापि तो राजा ज्या गावावर कर बसवीत होता त्या गावातील माणसे कशी राहत होती, याविषयी त्यांना फारसे कुतूहल नाही. पुढील अभ्यासकांनी त्यांची अचूकता कमी घेतली आणि ही उदासीनता मात्र पुरेपूर घेतली, असे खेदाने म्हणावे लागते.

उदाहरणार्थ, बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती घ्या. सौंदत्तीच्या रट्ट घराण्यातील चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने हे जैन मंदिर बांधविले. त्याचे १२०४ सालचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि बार्नेट यांनी ते 'एपिग्राफिया इंडिका'च्या तेराव्या खंडात प्रसिद्ध केले. लेख जुन्या कानडीत आहेत. तेवढ्यावर एका बाजूची पुस्तिका पूर्ण होते. परंतु लेख पुढे वाचला तर दिसते की या देवळाच्या खर्चासाठी वेणुग्रामच्या पेठेतील व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर देवाचा हक्क बांधून दिला आणि त्या व्यापाऱ्यांत लाट देशचे, म्हणजे गुजरातेकडचे, आणि मलयाळ देशचेही होते. गुजराती आणि मलबारी वाणी एका कानडी लेखाने जैन देवाला वर्गणी देत आहेत! आपल्या आजच्या देवस्थान समित्यांना हा मजकूर परका वाटू नये. पेठ, पंथ आणि देऊळ यांचा हा व्यवहार कसा चालत होता, वसुली कोण करीत होते, चुकविणाऱ्याचे काय होत होते, हे खरे प्रश्न. आणि तेच अनुत्तरित राहिले.

ज्यांना भाषेवरून मालकी ठरवावयाची आहे, त्यांनी राजांच्या बिरुदांचाही विचार करावा. रट्ट स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर. लिहिणार कानडी, मिरविणार लातूर. उलट गोव्याचे कदंब कोकण राखीत, हळशी आणि बेळगावचा मुलूख काही काळ राखीत आणि बिरुद लावीत 'बनवासीपुरवराधीश्वर'. कोल्हापूरचे शिलाहार तगर म्हणजे तेर नगरीचे नाव सांगत. यातील एकाही राजाच्या मनात आपण एका भाषेचे विश्वस्त आहोत ही कल्पना आलेली दिसत नाही. ते आपले कुळ, आपले दैवत आणि आपली तरवार सांगतात. गोव्याचे कदंब सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद मिरवीत, आणि त्याच घराण्यातील शिवचित्त पेर्माडीचे दान हळशीच्या नरसिंहाला होते. त्याची राणी कमलादेवी हिने देगावला कमलनारायणाचे देऊळ उभारले. याच हळशीत त्यापूर्वी काही शतके बनवासीच्या कदंबांनी जिनालयास जमिनी दिल्या होत्या.

जॉर्ज मोराइस यांचा 'द कदंब कुल' हा १९३१ सालचा ग्रंथ या दृष्टीने फ्लीट यांच्या पुढे जातो. त्यात धर्म, राज्यव्यवस्था, शिक्षण, व्यापार यांना स्वतंत्र जागा आहे. उणीव अशी की राजस्तुतीचे कवित्व ते कित्येकदा वृत्तांत म्हणून स्वीकारतात. प्रशस्तिकार हा राजाचा वकीलच. त्याचे कथन उलटतपासणीवाचून ग्राह्य धरणे धोक्याचे आहे. वा. वि. मिराशी यांनी १९७७ साली संपादिलेला शिलाहार लेखांचा खंड पाठशुद्धीत आदर्श आहे. निपाणीकडील वाचकाने तो अवश्य पाहावा. पण प्रस्तावनेतील बराच भाग राजकीय इतिहासाने व्यापला आहे, आणि तो वाचताना फ्लीट यांची आठवण होते.

आता आपल्या बाजूचा मोह सांगतो. यादव कृष्णाच्या कारकिर्दीत १२४९ साली बागेवाडी येथे ब्राह्मणांना दिलेल्या ताम्रपटात घैसास, पट्टवर्धन अशी नावे येतात. मराठी मनुष्याला ती वाचून आनंद होतो, मलाही झाला. पण अग्रहाराचा ब्राह्मण दूरवरून बोलावून वसविलेला असू शकतो, हे ध्यानी घेतले की त्या आनंदाची किंमत उतरते. ताम्रपट संस्कृतात आहे आणि गावातील कुणबी काय बोलत होता याविषयी तो एक अक्षर सांगत नाही. पुराव्याचा कायदा १८७२ चा असो की २०२३ चा, तीस वर्षांचा जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर तो खरोखर लिहून दिला गेला एवढेच न्यायालय गृहीत धरू शकते. त्यातील मजकूर सत्य आहे असे नव्हे. इंग्रजी अमलात या जिल्ह्यातील कितीतरी न्यायनिवाडे इंग्रजीत लिहिले गेले. आठशे वर्षांनी कोणी ते पाहून बेळगाव इंग्रजी भाषिक होते असा निष्कर्ष काढला तर आपण हसू.

हा रोग केवळ आपला नाही. १८७० साली फ्रान्स-प्रशिया युद्ध चालू असता आल्सास कोणाचे हा वाद निघाला. रोमचा महान इतिहासकार मॉमसेन याने भाषा आणि वंश यांच्या आधारे तो प्रदेश जर्मनीचा ठरविला. स्ट्रासबुर्गला दहा वर्षे अध्यापन केलेल्या फ्युस्तेल द कुलांज याने त्याच वर्षी उत्तर दिले, की भाषा म्हणजे राष्ट्र नव्हे, आणि त्या लोकांना आज कोठे राहावयाचे आहे हे त्यांनाच विचारा. उत्तर तेजस्वी होते. मात्र पुढे फ्रान्सच्या प्राचीन संस्थांवर ग्रंथ लिहिताना जर्मन टोळ्यांच्या आगमनाने तेथे फारसे काही पालटले नाही, असे त्याने आग्रहाने मांडले, तेव्हा सीमेवरचा देशभक्त संशोधकाच्या खुर्चीत बसला असा आक्षेप त्याच्यावर आला. आक्षेप सर्वस्वी खरा नसेल; पण अशा वादात उतरलेल्या माणसाचे संशोधन पुढे कोणी निःशंकपणे वाचीत नाही.

मला फ्युस्तेलचे १८७० चे म्हणणे आपल्या कामाचे वाटते. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात जो दावा दाखल केला, त्याचे बळ खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, सलगता आणि लोकेच्छा यांत आहे. ही जिवंत माणसांची बाब आहे. त्यात कार्तवीर्याला साक्षीदार म्हणून उभे करण्याची गरज नाही. तो आपल्या बाजूने साक्ष देईल याचीही खात्री नाही. काही सहकाऱ्यांना हे बोलणे पक्षद्रोहाचे वाटते, हे मी जाणतो.

या नियतकालिकाच्या वाचकांत तर घरातलाच एक दावा आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी चावुंडरायाने ही मूर्ती करविली असे सांगणारी ओळ कानडी व तमिळबरोबर नागरीतही कोरलेली आहे. मराठी अभ्यासक ती मराठी म्हणतात, कोकणीचे अभिमानी कोकणी. शं. गो. तुळपुळे यांचे 'प्राचीन मराठी कोरीव लेख' १९६३ साली प्रसिद्ध झाल्यापासून आक्षीच्या १०१२ च्या लेखाची बाजू वरचढ झाली आणि या ओळीचा पहिलेपणाचा मान डळमळला; वाद मात्र शमला नाही. दोन्ही पक्षांची मांडणी मी वाचली आहे. एका ओळीतील दोन-तीन शब्दांच्या रूपांवर दोन भाषांचा वारसा तोलला जातो, आणि तीन लिप्यांत एकच गोष्ट लिहविणाऱ्याला कोणकोणते यात्रेकरू अपेक्षित होते, हे त्यात मला सापडले नाही.