परीक्षण आणि गौरव

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात ‘ग्रंथपरीक्षण’ हा स्वाध्याय नेमलेला असतो. परंतु विद्यार्थ्याच्या हातून बहुधा उतरतो तो ग्रंथपरिचय. प्रकरणांचा गोषवारा, लेखकाच्या व्यासंगाविषयी आदर, मुद्रणदोषांची दोनचार उदाहरणे आणि शेवटी ग्रंथ संग्राह्य असल्याचा निर्वाळा, एवढ्यावर तो आटोपतो. ग्रंथकार आपल्याच भागातला असला म्हणजे तर परीक्षणाचा सत्कारसमारंभच होतो.

चिकोडीच्या विद्यार्थ्यापुढे हा प्रसंग सहज उभा राहील. प्राकृताचे थोर संशोधक डॉ. आ. ने. उपाध्ये (१९०६–१९७५) हे चिकोडी तालुक्यातील सदलग्याचे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी अर्धमागधीचे अध्यापन केले. १९६७ साली कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. दोन्ही भाषांनी आपला म्हणावा अशा या पंडिताच्या ग्रंथात विद्यार्थ्याने शंका ती कोठे काढावी?

त्यांनी १९३७ साली संपादिलेला जोइंदूचा ‘परमात्मप्रकाश’ हा अपभ्रंश ग्रंथ घेऊ. प्रस्तावनेत जोइंदूचा काळ सुमारे सहावे शतक ठरविला आहे. हा निष्कर्ष नुसता उतरून घेणे म्हणजे परिचय. परीक्षक त्याचा आधार विचारतो. हेमचंद्राने आपल्या व्याकरणात या ग्रंथातील दोहे उदाहरणादाखल घेतले आहेत. त्यावरून जोइंदू बाराव्या शतकापूर्वीचा, एवढे सिद्ध होते. त्याला आणखी मागे नेण्यास चंडाच्या ‘प्राकृतलक्षणा’त आढळणाऱ्या एका दोह्याचा आधार घेतला आहे. येथे दोन प्रश्न उद्भवतात. चंड स्वतः तितका प्राचीन आहे काय? आणि तो दोहा त्याच्या मूळ ग्रंथातला, की मागाहून शिरलेला? दोन्हींची उत्तरे अनुकूल आली तरच हा आधार टिकतो. पुढील काही अभ्यासकांनी जोइंदूला बराच अलीकडे आणले, हेही येथे लक्षात घ्यावे.

यात उपाध्ये यांचा मोठेपणा तिळमात्र उणावत नाही. त्यांनी आपला आधार उघडपणे मांडला, म्हणूनच तो आज तपासता येतो. गुरूने शिकविलेली रीत गुरूच्याच ग्रंथाला लावणे यात अनादर कसला?

सीमाभागात आणि गोमंतकात या शिस्तीची विशेष गरज आहे. डॉ. सु. मं. कत्रे यांचा ‘द फॉर्मेशन ऑफ कोंकणी’ हाती घेणारा वाचक पुष्कळदा पहिल्याच पानापासून निकाल कोणाच्या बाजूने लागला हे शोधू लागतो. ध्वनिपरिवर्तनाचा पुरावा त्या निकालाला पुरतो की नाही, हा प्रश्न मागे राहतो. अस्मितेला अनुकूल निष्कर्षसुद्धा दुबळ्या पुराव्यावर उभा असू शकतो, हे ज्याला कळले त्याला परीक्षणाचे मर्म कळले.

म्हणून अध्यापकांनी दहा प्रकरणांचा गोषवारा मागण्याऐवजी ग्रंथातील एकच अनुमान निवडून त्याची कसून तपासणी करण्यास सांगावे. विद्यार्थ्याचा निर्णय कदाचित कच्चा ठरेल. पण तो त्याचा स्वतःचा असेल.