‘अधिशोषण’ : संज्ञा आणि अर्थ

क्रांती चौकाच्या पश्चिमेस वाहणारी खाम नदी पुढे गोदावरीस मिळते. इचलकरंजीतील कापडप्रक्रियेचे सांडपाणी पंचगंगेस कसे बाधले, हेही महाराष्ट्रास ठाऊक आहे. म्हणून कडुनिंबाच्या पाल्याची पूड किंवा लाकडाचा भुसा वापरून रंगयुक्त पाणी शुद्ध करण्याविषयीचे लेखन स्वागतार्हच होय. तथापि त्यातील शब्दयोजना तपासणे अगत्याचे आहे.

‘शोषण’ म्हणजे पदार्थाने आत ओढून घेणे. ‘अधिशोषण’ म्हणजे पृष्ठभागावर धरून ठेवणे. ‘अधि’ या उपसर्गातील ‘वर’ हा अर्थ येथे सार्थ आहे. पुष्कळदा हे दोन्ही शब्द एकमेकांऐवजी योजले जातात. त्याहून गंभीर दोष ‘रंग नष्ट होतो’ या विधानाचा. रंग नष्ट होत नाही. तो पाण्यातून भुशावर जातो, आणि तो भुसाच नवा कचरा ठरतो.

‘रंग’ हे एकवचनही फसवे आहे. प्रयोगासाठी बहुधा मेथिलीन ब्ल्यू घेतात. त्याचे आयन धनभारित, तर वनस्पतिजन्य पुडीचा पृष्ठभाग सामान्यतः ऋणभारित. म्हणून ते सहज चिकटतात. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग मात्र ऋणभारित असतात, आणि त्या सांडपाण्यात मीठही विपुल असते. ऊर्ध्वपातित पाण्यातील यश तेथे गृहीत धरता येत नाही.

यास्तव रंगाचे नाव, पाण्याचा सामू आणि वापरलेल्या भुशाची विल्हेवाट यांचा निर्देश झाल्यावाचून ‘शुद्ध’ हे विशेषण योजू नये. नदीकाठचा माणूस त्या शब्दावर विसंबून पाणी वापरावयाचा असतो.